कमळ, कर्ण आणि क्ष

भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त एक उदाहरण आहे. तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आलेली. वाऱ्याने ती कलत गेली आणि मूळ जागेपासून दोन हातांवर बुडाली. तर पाणी किती खोल?

हातात आकडे दोनच, त्यामुळे माहिती अपुरी वाटते. पण आकृती काढून बघा. देठ तळाशी रुजलेला आहे, म्हणजे कळी कितीही कलली तरी त्याची लांबी तीच राहणार. हे उदाहरणात कुठे लिहिलेलं नाही, आणि सगळी किल्ली तर त्यातच आहे. पाण्याची खोली ही काटकोन त्रिकोणाची उभी बाजू, दोन हात ही आडवी, आणि कललेला देठ हा कर्ण. खोली क्ष मानली की कर्ण क्ष + ½ होतो. पायथागोरसच्या प्रमेयाने:

(क्ष + ½)² = क्ष² + 4

इथे बरेच विद्यार्थी घाईत डावीकडे क्ष² + ¼ लिहून मोकळे होतात. मग क्ष² दोन्हीकडून उडतो आणि उरतं ¼ = 4! चूक नेमकी काय झाली, ते सूत्र पाठ करण्यापेक्षा चित्रात चांगलं दिसतं. क्ष + ½ बाजूचा चौरस काढा. त्यात क्ष बाजूचा मोठा चौरस असतो, कोपऱ्यात ½ बाजूचा चिमुकला चौरस असतो, आणि शिवाय क्ष लांबीच्या, ½ रुंदीच्या दोन पट्ट्या असतात. या पट्ट्याच विसरल्या जातात. दोन्हींचं क्षेत्रफळ मिळून क्ष. म्हणून क्ष + ¼ = 4, आणि खोली 3¾ हात. ताळा करायचा तर तिन्ही बाजूंना 4 ने गुणा: 15, 8, 17. आणि 225 + 64 = 289, म्हणजेच 17 चा वर्ग.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी याने याच चित्रावरून वर्गसमीकरण सोडवलं. चिन्हं न वापरता, निव्वळ शब्दांत. त्याचं प्रसिद्ध उदाहरण आजच्या भाषेत क्ष² + 10क्ष = 39. क्ष बाजूचा चौरस घ्या. 10क्ष चे दोन समान भाग करून 5 रुंदीच्या दोन पट्ट्या त्याच्या लगतच्या दोन बाजूंना जोडा. मोठा चौरस जवळजवळ तयार होतो, फक्त कोपरा रिकामा राहतो, 5 × 5 चा. तेवढे 25 दोन्हीकडे मिळवले की एकूण 64, बाजू 8, आणि क्ष = 3. 'पूर्ण वर्ग करणे' म्हणतात ते हेच. शाळेत ही पायरी चित्राशिवाय शिकवली की 25 कुठून आले ते कळत नाही, आणि मुलं ते नुसतं पाठ करतात. याचं मला फार वाईट वाटतं.

मात्र चित्राला एक मर्यादा आहे. −13 घालूनही हे समीकरण जुळतं: 169 − 130 = 39. बाजूची लांबी ऋण असू शकत नाही, त्यामुळे हे उत्तर आकृतीत सापडणारच नाही. त्यासाठी बीजगणितच हवं. भास्कराचार्यांच्याही आधीच्या श्रीधराचार्यांची रीत इथे सुरेख चालते, आणि क्ष चा सहगुणक विषम असला तरी तिच्यात अपूर्णांक मध्ये येत नाहीत. दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं, मग क्ष च्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा:

4क्ष² + 40क्ष + 100 = 256

डावीकडे (2क्ष + 10)², म्हणून 2क्ष + 10 = 16 किंवा −16. क्ष = 3 किंवा −13.