३४० पैकी २७० उगाच नापास

बडोद्यात लागोपाठ झालं. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात शाळेच्या मुलांची बोट उलटली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने काळा घोडा पुलापाशी २६ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली आणि मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या. जुलै २०२५ मध्ये पादऱ्याजवळ मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. अशा वेळी एनडीआरएफ आणि बंबवाल्यांच्या मागोमाग हौशी पोरंही मदतीला धावतात. त्यांनी काय पाहिलं, काय उचललं, हे नंतर फारसं कोणी विचारत नाही.

म्हणून दांडिया बाजाराकडच्या एका मंडळाने स्वयंसेवकांची नोंदणी करताना स्वभावचाचणीचा चार पानी फॉर्म जोडला, तेव्हा हेतू वाईट नव्हता. मन घट्ट असेल त्याने पुढे जायचं, बाकीच्यांनी फूड पॅकेटं भरायची. माझा भाचा तो फॉर्म माझ्यासमोर बसून भरत होता. ‘गर्दीत गेलं की मला हुरूप येतो.’ ‘निर्णय घेताना मी भावनेपेक्षा तर्काचं ऐकतो.’ इथे त्याचं पेन थांबलं. “मामा, त्यांना काय हवंय?”

हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराच्या मनात असतो. १९४३ साली मिनेसोटा विद्यापीठातून निघालेल्या एमएमपीआय या चाचणीत त्यासाठी खोटं पकडणारी वेगळी प्रश्नमाला घातलेली आहे. ‘मला कधीकधी राग येतो’ अशा धाटणीच्या बऱ्याच विधानांना कोणी नाही म्हटलं, की तपासणारा सावध होतो. मंडळाच्या फॉर्मात असलं काही नव्हतं. शेवटी चार अक्षरांचा एक शिक्का बसणार, एवढंच.

हा चार अक्षरांचा प्रकार, म्हणजे एमबीटीआय, मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१ मधल्या मांडणीवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी बेतला. त्यातल्या एका अक्षरानुसार प्रत्येकजण एक तर अंतर्मुख, नाही तर बहिर्मुख. प्रत्यक्षात बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, उंचीत असतात तशी. मधोमध रेघ मारली की रेघेजवळच्यांचं अक्षर महिन्याभरात बदलू शकतं. ही चाचणी विकणारी कंपनीसुद्धा भरतीसाठी ती वापरू नका असंच सांगते.

संशोधक वापरतात ते पाच गुणांचं मोजमाप: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. यात शिक्के नाहीत, पाच पट्ट्या आहेत. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा काटेकोरपणाचा चांगल्या कामाशी संबंध सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत दिसला. संबंध माफकच, पण खरा. आघातानंतरच्या त्रासाशी जोडला जातो तो पाचवा गुण, म्हणजे मनातली धोक्याची घंटा किती लवकर वाजते आणि किती वेळ वाजत राहते. मात्र त्रास सुरू झाल्यावर स्वभाव मोजला तर तो त्रासानेच बदललेला असू शकतो. म्हणून आधी मोजलेले अभ्यास मोलाचे. नेदरलँड्सच्या शांतिसैनिकांचा स्वभाव युगोस्लाव्हियात जाण्यापूर्वीच मोजलेला होता. २००० साली निष्कर्ष आले. स्वभावाचा वाटा निघाला, पण सर्वांत मोठा वाटा त्यांनी तिथे काय काय भोगलं याचा होता.

म्हणजे चाचणीत काहीतरी तथ्य आहे. मग ती का लावू नये? आता माझ्या आवडीचं गणित. कागद-पेन्सिल घ्या.

समजा, १००० अर्जदार आहेत आणि त्यातल्या १०० जणांना पुढे टिकून राहणारा त्रास होणार आहे. समजा, आपली चाचणी बऱ्यापैकी आहे: त्रास होणाऱ्या १०० पैकी ७० पकडते आणि न होणाऱ्या ९०० पैकी ६३० जणांना बरोबर पास करते. राहिलेले २७० उगाच नापास. एकूण नापास ३४०, त्यात खरे फक्त ७०. नापासाचा कागद हातात आलेल्या पाचांपैकी चौघांना काहीच होणार नव्हतं! आणि पास झालेल्या ६६० मध्ये ३० जण तसेच आत शिरले. एकूण चुका ३००. चाचणी फाडून टाकून ‘सगळे पास’ म्हटलं असतं तर चुका झाल्या असत्या १००.

चाळणी सैल करू. आता १०० पैकी ४० पकडू, पण ९०० पैकी फक्त ९० जणांनाच चुकून अडवू. चुका ६० अधिक ९०, म्हणजे १५०. तरी शंभराच्या वरच. पॉल मील आणि अल्बर्ट रोझेन या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये हेच दाखवलं: जी गोष्ट मुळात थोड्यांच्याच बाबतीत घडते, तिचं भाकीत करताना बरी चाचणीही ‘काही होणार नाही’ या आंधळ्या अंदाजापुढे हरू शकते.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल: दोन्ही चुका सारख्या कशा? बरोबर आहे. पहिल्या चाचणीने ७० जण वाचवले आणि त्यासाठी २७० जणांना घरी बसवलं. २७० भागिले ७० म्हणजे साधारण ३.९. एका माणसाचा त्रास टाळणं हे चार धडधाकट स्वयंसेवक गमावण्याहून मोलाचं वाटत असेल, तर ती लावा. दुसऱ्या चाचणीत हाच भाव ९० भागिले ४०, म्हणजे सव्वादोन. भाव ठरवणं मानसशास्त्राचं काम नाही, मंडळाच्या बैठकीचं आहे. त्या बैठकीत हा आकडा कोणी मांडला असेल असं मला वाटत नाही.

हे कागदावरचंच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मानसिक कारणांवरून दहा लाखांहून जास्त तरुण भरतीत नाकारले, तरी मन खचून परतणाऱ्या सैनिकांचा ओघ थांबला नाही. इराक युद्धापूर्वी ब्रिटिश सैनिकांचे प्रश्नावलीने घेतलेले गुण नंतरच्या त्रासाशी ताडून पाहिले, तेव्हाही अशा चाळणीने फारसं काही टळलं नसतं असंच २००६ मध्ये दिसून आलं.

तरी लोकांना चाचण्या पटतात. बर्ट्रम फोररने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचा स्वभाव’ म्हणून एकच मजकूर वाटला, तोही ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन मुलांनी तो अचूक ठरवला. हल्ली बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणाऱ्या डीएमआयटीवर आईबाप हजारो रुपये उधळतात. तिला शास्त्रीय आधार नाही. 

मग करायचं काय? ब्रूइन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ७७ शोधनिबंध एकत्र तपासले. त्यात आधीच्या इतिहासापेक्षा जड ठरल्या त्या आघाताच्या वेळच्या आणि नंतरच्या गोष्टी, विशेषतः आधार देणारं माणूस नसणं आणि वर दुसरे ताण असणं. बडोद्याजवळ जरोदला एनडीआरएफची सहावी बटालियन आहे. तिथला जवान काम संपल्यावर त्याच तुकडीत परततो. आपला स्वयंसेवक अंघोळ करून दुसऱ्या दिवशी मकरपुऱ्यात शिफ्टला जातो.

तेव्हा नोंदणीच्या दिवशी काम कसं असतं ते न लपवता सांगावं आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. मृतदेह उचलण्याची पाळी एकाच माणसावर पुन्हा पुन्हा येऊ देऊ नये. सगळ्यांना सक्तीने एकदा बसवून ‘काय पाहिलंत ते बोला’ म्हणण्याने पुढचा त्रास टळत नाही, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. बोलायचं त्याने बोलावं. झोप उडणं, दचकणं हे सुरुवातीला बहुतेकांना होतं. ते महिन्यानंतरही चालू असेल तर डॉक्टर गाठावा. म्हणून एक फोन चार-पाच आठवड्यांनी करायचा, आणि कोणी कोणाला करायचा ते यादीत आधीच लिहून ठेवायचं. ओळखपत्राच्या मागे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापायला फॉर्मच्या चार पानांपेक्षा कमी खर्च येतो.