खोट्या शून्याचा सामना

अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत, म्हणजे सुपर बोल, भारतीय वेळेनुसार सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते. बॉस्टनजवळ राहणारा माझा मावसभाऊ त्याआधीचे दोन आठवडे आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दुसरे काही बोलत नाही, आणि दर वेळी कोणीतरी त्याला डिवचतेच, ‘चेंडूतली हवा काढणारा तो संघ तुमचाच ना?’ या खेपेस डिवचणाऱ्याने सोबत गणितही जोडले होते. थंडीमुळे चेंडूचा दाब फार तर अर्धा पौंड उतरायला हवा होता, प्रत्यक्षात तो दुपटीहून अधिक उतरला, म्हणजे हवा काढलीच, असा त्याचा निष्कर्ष. गणित मांडणारा अभियंता आहे. गणित साफ चुकलेले आहे, आणि ही चूक इतकी सहज होते की २०१५ साली नील डिग्रास टायसन यांच्यासारख्या नामवंत खगोलभौतिकशास्त्रज्ञाच्या हातूनही ती जाहीरपणे झाली होती. लोकांनी दाखवून दिल्यावर त्यांनी ती मोकळेपणाने दुरुस्त केली, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच झाले.

प्रकरण थोडक्यात असे. १८ जानेवारी २०१५ च्या रात्री मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉक्सबरो येथे न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांच्यात अमेरिकन कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगमधल्या दोन गटांपैकी एकाच्या, अजिंक्यपदाचा सामना झाला. जिंकणारा संघ सुपर बोलमध्ये जाणार होता. या खेळात चढाई करणारा संघ आपापले चेंडू वापरतो. २००६ पासून प्रत्येक संघाने आपले चेंडू स्वतः तयार करून आणायचे, पंचांनी ते सामन्याआधी तपासायचे, अशी पद्धत आहे. चेंडूचा दाब १२.५ ते १३.५ पौंड प्रति चौरस इंच या मर्यादेत असावा लागतो. (या एककाला पीएसआय म्हणतात, महाराष्ट्रात पीएसआय म्हटले की फौजदार आठवतो, म्हणून मी येथे नुसते ‘पौंड’ म्हणतो.) पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईत चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, टॉम ब्रेडी याला चेंडू किंचित मऊ आवडत असे, कारण मऊ चेंडू मुठीत नीट बसतो, म्हणून त्यांचे चेंडू अगदी खालच्या मर्यादेवर, १२.५ पौंडांवर ठेवलेले होते. कोल्ट्सचे १३ च्या आसपास होते. पूर्वार्धात कोल्ट्सच्या खेळाडूने ब्रेडीची एक फेक अडवली, तो चेंडू कोल्ट्सच्या हाती लागला आणि शंका उपस्थित झाली. मध्यंतरात पंचांनी पेट्रियट्सचे ११ चेंडू मोजले, ते सगळे १२.५ च्या खाली भरले. त्यांत पुन्हा हवा भरण्यात आली. मध्यंतराला १७–७ असा असलेला गुणफलक शेवटी ४५–७ झाला, म्हणजे पुरेशी हवा भरलेल्या चेंडूंनी पेट्रियट्सने अधिकच धुलाई केली, ही गोष्ट मात्र गदारोळात कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाही.

पुढचे दोन आठवडे अमेरिकेत अजिंक्यपदाच्या लढतीची जी चर्चा व्हायची, डावपेच कोणते, बचावफळी कोणाची भक्कम, ती बाजूला पडली आणि सारा देश वायूंच्या नियमांवर बोलू लागला. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांसाठी असा पंधरवडा पुन्हा येणे कठीण.

आता गणिताकडे येऊ. बंद जागेतल्या ठरावीक वायूचा दाब त्याच्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. सतराव्या शतकाच्या अखेरीस अमोंताँ या फ्रेंच संशोधकाने हे नाते प्रथम नीट मोजले. वायूचे रेणू सतत धावत असतात आणि चेंडूच्या आतल्या पिशवीवर आदळत असतात. या असंख्य धडकांची बेरीज म्हणजे दाब. थंडीत रेणू मंदावतात, धडका सौम्य होतात, दाब उतरतो. तपासणीची खोली ७१ अंश फॅरनहाइटपर्यंत उबदार होती आणि मैदानावर तापमान ४८ अंशांच्या जवळ होते, म्हणजे आपल्या भाषेत २१.७ अंश सेल्सिअसवरून ८.९ वर. हे अंश मात्र नियमात तसेच घालून चालत नाहीत. सेल्सिअसचा शून्य हा पाण्याच्या गोठण्याशी बांधलेला, माणसांनी सोयीसाठी ठरवलेला शून्य आहे. तेथे रेणू थांबलेले नसतात. खरा शून्य त्याच्या २७३ अंश खाली आहे, म्हणून केल्विन मापात २९४.८ आणि २८२ असे आकडे घ्यायचे. २८२ भागिले २९४.८ म्हणजे ०.९५६६. दाब ४.३४ टक्क्यांनी कमी व्हायला हवा. येथवर आमचा अभियंताही बरोबर होता. त्यानंतर त्याने १२.५ ला ०.९५६६ ने गुणले, उत्तर ११.९६ आले, आणि घसरण अर्ध्या पौंडाची ठरली.

तापमानाचा खोटा शून्य त्याने ओळखला. दाबाचा खोटा शून्य मात्र त्याच्या नजरेतून सुटला. सायकलच्या दुकानातले असो की पेट्रोल पंपावरचे, हवा मोजणारे मापक आतला दाब सांगतच नाही. ते आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक सांगते. पंक्चर झालेल्या ट्यूबवर मापक शून्य दाखवते, पण त्या ट्यूबमध्ये निर्वात पोकळी नसते. तेथे बाहेरच्याइतकीच, म्हणजे समुद्रसपाटीला दर चौरस इंचाला १४.७ पौंड दाबाची हवा असते. आपण सर्वजण या हवेच्या तळाशी राहतो आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच रेटत असल्यामुळे तिचा भार आपल्याला जाणवत नाही. पिशवीच्या आतल्या रेणूंना मात्र मापकाने काय वजा केले याच्याशी काही घेणे नसते. थंडीत ते सगळेच्या सगळे मंदावतात, ज्यांच्या धडका मापक मोजते ते आणि ज्यांच्या मोजत नाही तेही.

हे पैशांत मांडले की लगेच पटते. समजा तुमचा पगार महिना २७,२०० रुपये आहे आणि त्यातले १४,७०० रुपये घरभाड्यात जातात. हातात १२,५०० उरतात. पगारात ४.३४ टक्के कपात झाली. घरमालक भाडे कमी करणार नाही. नवा पगार सुमारे २६,०२०, भाडे तेच १४,७००, हातात उरले ११,३२०. पगार कापला गेला सव्वाचार टक्क्यांच्या जरा वर, हातातली रक्कम घटली साडेनऊ टक्क्यांच्या जवळपास. मापक ‘हातातली रक्कम’ दाखवते आणि नियम ‘पगाराला’ लागू होतो. म्हणून आधी १४.७ मिळवायचे, मग गुणायचे, मग पुन्हा १४.७ वजा करायचे. उत्तर येते ११.३२ पौंड. कोणीही चेंडूला हात न लावता घसरण जवळजवळ १.२ पौंडांची.

जाता जाता एक सांगायला हवे. आपल्याकडे पेट्रोल पंपांवर टायरमध्ये जादा पैसे घेऊन नायट्रोजन भरतात आणि ‘उन्हाळ्या-हिवाळ्यात याचा दाब बदलत नाही’ असे ठासून सांगतात. वरच्या गणितात वायूचे नाव कोठेच आलेले नाही. नायट्रोजनचे रेणूही थंडीत तितकेच मंदावतात आणि साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो. कोरडा वायू आणि ओली हवा यांत थोडा फरक पडतो, नाही असे नाही. पण दाब बदलतच नाही हा दावा भौतिकशास्त्राला मान्य नाही. सामन्याच्या दिवशी ठरावीक जर्सी घातली की संघ जिंकतो असे मानणारा चाहता निदान त्या श्रद्धेचे पैसे दुसऱ्याकडून घेत नाही.

गणित मात्र येथे संपत नाही. चेंडू मोजले गेले ते मैदानावर नव्हे, उबदार खोलीत आणल्यानंतर. थंड वस्तू उबदार खोलीत आणली की सुरुवातीला ती भराभर तापते आणि खोलीच्या तापमानाच्या जवळ येता येता तिचा वेग मंदावतो. तापण्याचा वेग कोणत्याही क्षणी उरलेल्या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणजे मध्यंतराच्या पहिल्या मिनिटाला मोजलेला चेंडू आणि दहाव्या मिनिटाला मोजलेला चेंडू यांची तुलना सरळ करता येत नाही. पेट्रियट्सचे चेंडू आधी मोजले गेले. वेळ संपत आल्यामुळे कोल्ट्सचे चारच चेंडू नंतर मोजता आले, आणि ते कमी उतरलेले दिसले. त्यातच पूर्वार्धात पाऊस होता. ओला चेंडू सावकाश तापतो, कारण त्याच्या कातड्यातले पाणी वाफ होताना उष्णता खेचून घेते. माठातले पाणी गार राहते ते याच कारणाने. कोणता चेंडू किती ओला होता आणि नेमका कितव्या मिनिटाला मोजला, याची नोंद कोणी केली नव्हती. कोणत्याही प्रयोगशाळेत असला प्रयोग पुन्हा करायला लावला असता.

पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचेक यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की चेंडू तयार करताना ते इतके चोळले जातात की त्यामुळेच दाब पौंडभर वाढतो. नव्या चेंडूवरचा मेणचट थर घालवण्यासाठी तो ब्रशने आणि ओल्या फडक्याने घासावा लागतो, हे खरे आहे, आणि घर्षणाने आतली हवा तापते हेही खरे आहे. पण ही ऊब अर्ध्या तासात निघून जाते, त्यामुळे चोळण्याचा मुद्दा टिकला नाही.

मे २०१५ मध्ये चौकशी अहवाल आला. त्यातील तज्ज्ञ संस्थेने १४.७ मिळवूनच गणित केले होते आणि पेट्रियट्सच्या चेंडूंचा अपेक्षित दाब ११.३२ ते ११.५२ असा काढला होता. मध्यंतरात मोजणाऱ्या दोघांकडे दोन मापके होती, त्यांतले एक सुमारे ०.३ ते ०.४ पौंड जास्त दाखवणारे. जास्त दाखवणाऱ्या मापकाची सरासरी आली ११.४९ आणि दुसऱ्याची ११.११. सामन्याआधी मुख्य पंचांनी जास्त दाखवणारे मापक वापरले असेल, तर ११.४९ हा आकडा अपेक्षित पट्ट्यात अचूक बसतो आणि गूढ उरतच नाही. दुसरे वापरले असेल, तर दोन दशांश पौंडांची तूट उरते. मुख्य पंचांना स्वतःला जास्त दाखवणारे मापक आठवत होते. अहवालाने ते दुसरे असावे असे धरले आणि हवा बहुधा मुद्दाम काढली गेली, असा निष्कर्ष काढला. साऱ्या देशाने घसा कोरडा केला तो या दोन दशांशांसाठी, आणि हा फरक मापकामापकांतल्या फरकाहूनही लहान होता. एमआयटीतील यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक जॉन लेनर्ड यांनी या आकडेमोडीवर एक दीर्घ व्याख्यानच दिले आणि अहवालाचा निष्कर्ष चुकीचा असल्याचे मत मांडले.

चेंडू सांभाळणारा कर्मचारी मैदानाकडे जाताना चेंडूंच्या पिशव्यांसह सुमारे १०० सेकंद शौचालयात गेला होता, हेही कॅमेऱ्यात दिसले होते. त्या दाराआड काय घडले हे वायूंचा नियम सांगू शकत नाही. तो एवढेच सांगतो की मध्यंतरात दिसलेला दाब समजावून घ्यायला त्या दाराआड काही घडण्याची गरज नव्हती. पेट्रियट्सला १० लाख डॉलरचा दंड झाला, ब्रेडीला चार सामन्यांची बंदी झाली. एका न्यायाधीशांनी ती रद्द केली, वरच्या न्यायालयाने २०१६ मध्ये पुन्हा लागू केली. हा निवाडा लीगच्या आयुक्तांचे अधिकार किती, या प्रश्नावर झाला. दरम्यान १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल पेट्रियट्सने सिएटल सीहॉक्सविरुद्ध २८–२४ असा जिंकलेलाही होता.

याच नियमाने मागे जाऊन पाहिले तर गंमत वाटते. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज यांच्यात अजिंक्यपदाचा जो सामना झाला, त्याला ‘आइस बोल’ म्हणतात. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस होते आणि पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटत होत्या. खोलीत २१ अंशांना १३ पौंडांवर भरलेला चेंडू तेवढ्या थंडीत पूर्ण गार झाला, तर मापक नऊच्याही खाली जाईल. पॅकर्सनी तो सामना २१–१७ असा जिंकला, आणि चेंडूतली हवा कोणी काढली हे कोणी विचारले नाही.

गटावर एवढे सगळे लिहून कोणाला पटले नाही, म्हणून मी पुण्यात घरीच प्रयोग केला. भाच्याचा साधा गोल फुटबॉल घेतला आणि खोलीत, २८ अंशांना, बरोबर १० पौंडांवर भरला. पुणे समुद्रसपाटीहून साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे येथे १४.७ ऐवजी १३.८ मिळवायचे. चेंडू रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, तेथे ५ अंश होते. अभियंत्याच्या पद्धतीने उत्तर ९.२ येते, माझ्या पद्धतीने ८.२. सकाळी सुई ओली करून खुपसली, काटा ८.१ वर थांबला. मग चेंडू टेबलावर ठेवून दर दहा मिनिटांनी मोजत गेलो. काटा आधी भराभर चढला, मग रेंगाळला, आणि दीड तासाने खोलीइतका उबदार झालेल्या चेंडूवर ९.५ दाखवू लागला. भाचा शेजारी बसून आकडे लिहीत होता. काल १० होते, आज खोली तेवढीच उबदार आहे, मग उरलेली हवा कोणी काढली, असे त्याने विचारले. मी काढली होती. प्रत्येक मोजणीत सुईतून जो बारीक ‘फुस्स’ आवाज येत होता, तो त्यानेही ऐकला होता.