उतारावर गाडी धरायची कशी? घोडागाडीच्या ब्रेकची पार्श्वभूमी

घोडागाडीचा ब्रेक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मोटारीचा ब्रेक येतो, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. सपाट रस्त्यावर गाडी थांबवायला ब्रेकची फारशी गरजच नव्हती. लगाम ओढला की घोडा थांबायचा, लोखंडी धावेचं, म्हणजे कडेवर लोखंडी पट्टी चढवलेलं, चाक खडीमातीत तसंही जड चालतं, मग गाडी चार पावलांत उभी राहायची. खरा प्रश्न होता उताराचा. दोन टनांची भरलेली गाडी धरा आणि दहात एक असा उतार, म्हणजे दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. अशा उतारावर ती गाडी साधारण २०० किलो वजनाच्या जोराने घोड्यांच्या अंगावर येते, तेही एखाद्या क्षणापुरती नाही, उतार संपेपर्यंत सतत. १०० मीटर उंचीवरून ती खाली आणायची तर जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तेवढ्यात सहा लिटर पाणी सहज उकळेल. ही उष्णता घ्यायची कोणी, घोड्याने, रस्त्याने, चाकाने की लाकडाच्या ठोकळ्याने, एवढाच या सगळ्या इतिहासाचा विषय आहे.

सुरुवातीला उत्तर होतं घोडा. त्याच्या पुठ्ठ्यामागून एक रुंद चामडी पट्टा जातो, तो गाडीच्या दांड्यांना बांधलेला असतो, गाडी पुढे रेटायला लागली की घोडा मागे झुकून त्या पट्ट्यात बसल्यासारखा होतो आणि गाडी धरून ठेवतो. एका घोड्याच्या हलक्या गाडीला हे पुरतं. पण इथे एक गोष्ट आहे जी बरेच लोक लक्षातच घेत नाहीत आणि माझ्या मते पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं: चार किंवा सहा घोडे जुंपले की ओढायची ताकद वाढते, धरायची वाढत नाही. पुढच्या जोड्या साखळ्यांनी किंवा चामडी पट्ट्यांनी ओढतात, आणि साखळीने ओढता येतं, मागे रेटता येत नाही. धरणार फक्त गाडीला लागून असलेली, दांडीजवळची शेवटची जोडी. म्हणजे सहा घोड्यांनी चढावर आणलेलं ओझं पलीकडच्या उतारावर दोन घोड्यांच्या पाठीवर. माल वाढला, रस्ते बरे झाले, जोड्या वाढल्या, तशी ही दरी रुंदावत गेली आणि काहीतरी यंत्र शोधणं भाग पडलं.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. रोमन लोकांकडे चाक अडवायची सोय नक्की होती कारण तिच्यासाठी लॅटिनमध्ये स्वतंत्र शब्द होता, सुफ्लामेन. एका रोमन सम्राटाने भरधाव बोलणाऱ्या एका वक्त्याबद्दल म्हटलं होतं की याला सुफ्लामेन लावायला हवं. म्हणजे ही वस्तू ऐकणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातली होती, नाहीतर त्या बोलण्यातली गंमत कोणाला कळलीच नसती.

पुढे कित्येक शतकं सगळ्यात साधा उपाय एकच, चाक बांधायचं. साखळी गाडीच्या साट्याला, म्हणजे माल ठेवायच्या सांगाड्याला, अडकवायची, मागच्या एका चाकाच्या आऱ्यांमधून किंवा पाठ्याभोवती, म्हणजे चाकाच्या लाकडी कडेभोवती, घ्यायची, आणि चाक फिरायचं बंद. आता ते घसटत जाणार. हिशोब बघा, दोन टनांपैकी पाव वजन त्या चाकावर, म्हणजे ५०० किलो, खडीवर लोखंड घासताना त्याच्या साधारण चाळीस टक्के रोध मिळाला तरी झाले २०० किलो, म्हणजे वर सांगितलेल्या उताराची बरोबरी एका चाकात होते! त्याहून तीव्र उतार असेल तर दोन्ही मागची चाकं बांधायची. मागचीच का, तर पुढची आस वळते, तिथे रोध लावला की दांडीला हिसके बसतात, आणि मागून धरलं की गाडी नांगर टाकल्यासारखी सरळ राहते, निदान रस्ता एका बाजूला कललेला नसेल तर. कललेला असेल तर बांधलेली चाकं खालच्या बाजूला सरकतात आणि गाडीची शेपूट आधी खड्ड्यात जाते.

यात दोन नुकसानं होती. चाक एकाच जागी घासतं, त्यामुळे धाव तिथे सपाट होते आणि मग सपाट रस्त्यावरही प्रत्येक फेऱ्याला ठोका. दुसरं, रस्ता नांगरल्यासारखा उकरला जातो. या दोन्हींवरचा इलाज म्हणजे चाकाखाली घालायचा लोखंडी जोडा. पसरट, पन्हळीसारखा तुकडा, दोन्ही बाजूंना काठ, पुढच्या टोकाला कडी, आणि त्या कडीतून गाडीच्या पुढच्या भागाला जाणारी जाड साखळी. उताराच्या माथ्यावर गाडी थांबवायची, कोणीतरी खाली उतरायचं, जोडा मागच्या चाकापुढे टाकायचा, गाडी हातभर पुढे घेतली की चाक जोड्यावर चढतं, साखळी ताणली जाते, आणि मग चाकाऐवजी जोडा घासत जातो. तळ झिजला की लोहाराकडून दुसरी पट्टी ठोकून घ्यायची, चाक शाबूत. पायथ्याशी परत थांबायचं, गाडी किंचित मागे घ्यायची म्हणजे चाक जोड्यावरून उतरतं, आणि जोडा उचलून गाडीखालच्या आकड्याला टांगायचा. तो तापलेला असायचा, चांगलाच, नुसत्या हाताने धरला तर कातडी जाईल इतका. मोठा दगड आडवा आला की चाक जोड्यावरून उडायचं, म्हणून शहाणे गाडीवान जोड्यासोबत सुटी साखळीही ठेवायचे. चढावर उलट भीती, गाडी मागे येण्याची, त्यासाठी मागच्या चाकामागे साखळीने ओढला जाणारा लाकडी रूळ किंवा मागे लोंबणारा दांडका असायचा. त्यावर जास्त सांगण्यासारखं नाही, ते काम साधं होतं आणि शेवटपर्यंत साधंच राहिलं.

आता शब्दांचा गुंता, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण जुनी वर्णनं वाचताना निम्म्या चुका इथेच होतात. या लोखंडी जोड्याला इंग्रजीत स्किड म्हणत. स्किड लावणे म्हणजे गाडी नियंत्रणात ठेवणे! चाक फिरायचं थांबून घसटायला लागलं त्यालाही मग स्किड म्हणू लागले, तिथून अर्थ सरकत सरकत गाडी आपोआप घसरण्यावर गेला, आणि आज आपण मराठीतही गाडी स्किड झाली म्हणतो ते ताबा सुटला या अर्थाने. तोच शब्द, अर्थ बरोबर उलटा. त्यामुळे जुन्या नोंदीत अमुक गाडी स्किड करून उतार उतरली असं वाचलं तर तो अपघात समजू नका, ते शहाणपणाचं काम होतं.

दुसरा शब्द लॉक. चाक लॉक करणे म्हणजे साखळीने बांधणे, इथवर ठीक. पण गाड्या बनवणारे सुतार लॉक म्हणायचे तो पुढची आस किती वळते त्याला, फुल लॉकची गाडी म्हणजे पुढची चाकं साट्याखाली पूर्ण शिरतील इतकी वळणारी गाडी, त्याचा ब्रेकशी काडीचा संबंध नाही. हाच अर्थ मोटारीच्या स्टिअरिंगमध्ये अजून जिवंत आहे. तिसरा शब्द तर खुद्द ब्रेक. याच उच्चाराची एक गाडी होती, उंच बैठकीची, जड सांगाड्याची, नवीन घोडे जुंपून त्यांना वळण लावायला वापरायची. घोड्याला वळण लावण्याला इंग्रजीत घोडा मोडणे, म्हणजे ब्रेक करणे, म्हणतात, म्हणून ब्रेक. पुढे ती शिकारीला आणि सहलीला वापरली जायला लागली आणि शूटिंग ब्रेक हे नाव मोटारींपर्यंत आलं. स्पेलिंग दोन्हींची एकमेकांत मिसळली, त्यामुळे जुन्या यादीत नुसतं ब्रेक दिसलं तर ती गाडी आहे की गाडीचा भाग हे आजूबाजूच्या ओळी वाचूनच ठरवावं लागतं. फ्रेंच लोकांचं क्रियापद मात्र मला फार आवडतं, आंरेये, शब्दशः आऱ्यात घालणे, म्हणजे युक्तीच शब्दात बसलेली. जर्मनमध्ये जोड्याला हेमशू म्हणतात, तो शब्द आता कुठल्याही कामातल्या अडथळ्याला वापरतात, आपण खीळ बसली म्हणतो तसा.

शब्दांइतकाच भांडणाचा विषय होता रस्ता. ब्रिटनमध्ये टोल घेऊन चालवलेले रस्ते होते, त्यांची डागडुजी त्याच टोलमधून, त्यामुळे नुसतं बांधलेलं चाक घसटत नेणाऱ्यांवर रस्तेवाल्यांचा राग होता. १९ व्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्यात स्पष्ट आलं की उतारावर चाक बांधायचं असेल तर खाली जोडा हवाच, नाहीतर दंड. गाडीवानांच्या बाजूने बघितलं तर हे अन्यायाचं वाटतं कारण ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर गुळगुळीत जोडा सरळ घसरतो, तिथे नुसती साखळीच जास्त पकड देते. अमेरिकेत अशी बंधनं फारशी नव्हती, तिथे जाड साखळी मुद्दाम चाकाच्या खालून घेत, म्हणजे कड्या जमिनीत रुतत. पकड उत्तम आणि रस्त्याची वाट. मला विचाराल तर रस्तेवाल्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण उतारावर जीव कोणाचा टांगणीला होता हे त्या कायद्यात कुठेच दिसत नाही.

आणि जोड्याचा खरा दोष कायद्याने सुटणारा नव्हताच. तो आधी ठरवून लावावा लागतो, आणि लावला की पूर्ण लागतो. कमी नाही, जास्त नाही, मधे सोडता येत नाही. १७८४ पासून ब्रिटनमध्ये धावणाऱ्या टपालाच्या कोचचं वेळापत्रक मिनिटांवर चालायचं, तिथे प्रत्येक टेकडीवर दोनदा थांबणं म्हणजे काट्याशी झुंज, मग छोट्या उतारांवर जोडा न लावताच गाडी सोडायचा मोह व्हायचा, आणि अर्ध्या उतारावर वेग हाताबाहेर गेल्यावर खाली उतरून जोडा लावणं शक्यच नाही.

म्हणून मी म्हणतो की या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा म्हणजे तरफ आणि ठोकळा. ठोकळा चाकाच्या धावेवर दाबायचा, चाक फिरत राहतं पण जड फिरतं, आणि किती जड ते गाडीवानाच्या हातात, चालत्या गाडीत. ही कल्पना रुळांवर आधी रुळली. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या काठी कोळशाच्या लाकडी रुळांवर १८ व्या शतकात घोडे वाघिणी ओढायचे, उतारावर घोडा सोडून मागे बांधायचे आणि माणूस चाकावर टेकलेल्या लांब लाकडी दांड्यावर स्वतःचं वजन टाकून बसायचा. तो जितका रेलेल तितका ब्रेक. रस्त्यावरच्या गाड्यांत हे पसरायला वेळ लागला, कारण स्प्रिंगवरची गाडी वरखाली होते आणि ठोकळा चाकाशी नीट बसत नाही.

फ्रान्सच्या डिलिजन्स, म्हणजे लांबच्या प्रवासी गाड्यांना, स्क्रूने आवळायचा ब्रेक होता, त्याला नुसतं मेकानिक म्हणायचे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या कोनेस्टोगा वॅगनला, म्हणजे जड मालगाडीला, ब्रेकची तरफ डाव्या बाजूला होती कारण गाडीवान आत बसायचाच नाही, डावीकडून चालायचा किंवा डाव्या बाजूने बाहेर ओढलेल्या फळीवर बसायचा. १८२७ पासून न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्डला बनायला लागलेल्या कोचमध्ये गाडीवान उजवीकडे बसायचा आणि उजव्या पायाने ब्रेक दाबायचा, दोन्ही हात लगामांना मोकळे. ठोकळे मऊ लाकडाचे, वर चामड्याचा थर, बऱ्याचदा जुन्या बुटांचे तळवेच ठोकलेले. कठीण लाकूड लोखंडावर गुळगुळीत होऊन सरकतं, मऊ लाकूड झिजतं पण धरतं. लांब उतारावर जळक्या लाकडाचा वास यायचा.

जुन्या कोचमन मंडळींचा याला विरोध होता. ब्रेक पायाशी आला की गाडीवान आळशी होतो आणि दांडीजवळच्या घोड्यांची गाडी धरायची सवय मोडते, असं त्यांचं म्हणणं. पहिला मुद्दा काही प्रमाणात खरा असेल. पण दुसरा ऐकला की मला त्या घोड्यांचे मागचे पाय आणि सांधे आठवतात, ती सवय मोडली तर बरंच झालं.

तरी ठोकळ्यालाही मर्यादा होती. ऑरेगॉनकडे जाणाऱ्या बार्लो रोडवर, १८४६ ला उघडलेल्या, लॉरेल हिलच्या उतारावर लोक चाकं बांधून वर गाडीमागे अख्खं झाड ओढत न्यायचे, किंवा दोर झाडाच्या बुंध्याला वेढे घालून इंच इंच सैल सोडायचे. जानेवारी १८८० मध्ये युटात कोलोरॅडो नदीकडे उतरताना होल इन द रॉकच्या कपारीतून ८० च्या वर गाड्या अशाच उतरवल्या, चाकांना साखळ्या आणि मागून माणसं नि जनावरं दोर ताणून. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटातून बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, वाहणाऱ्या गाड्या, १८८३ ते १८८९. मागची चाकं सात फूट उंच, दोन गाड्या आणि मागे पाण्याची टाकी, सगळं मिळून ३६ टनांच्या आसपास, पुढे अठरा खेचरं आणि दांडीजवळ दोन घोडे. गाडीवान पुढे असायचा आणि उतारावर मदतनीस मागच्या गाडीवर जाऊन तिचा वेगळा ब्रेक धरायचा. दोघांचा ताल चुकला तर मागची गाडी पुढचीवर चढणार.

लोखंडी धावेचे दिवस संपले तसा ठोकळाही गेला. रबराच्या चाकावर ठोकळा घासला की रबर फाटतं, त्यामुळे रोध कडेवरून तुंब्याकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाकडे, सरकला, आधी पट्टा, मग मोटारीतून आलेला ड्रम. अमेरिकेतल्या, मोटारी न बाळगणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या बग्ग्यांमध्ये आज हायड्रॉलिक ड्रम ब्रेक सर्रास दिसतात, आणि १९७० च्या सुमाराला नियम ठरून सुरू झालेल्या घोडागाडी शर्यतींच्या गाड्यांना डिस्क ब्रेक असतात, बऱ्याचदा पुढच्या मागच्या चाकांना वेगळी पेडलं. तिथे नवा वाद चालू आहे, ब्रेक इतके चांगले असताना घोड्याच्या पुठ्ठ्यामागचा पट्टा ठेवायचा की काढायचा. जोडीच्या गाड्यांना बरेच जण तो लावत नाहीत. एका घोड्याच्या गाडीला मात्र अजून लावतात, कारण ब्रेकचा एक पाइप फुटला की उतारावर गाडी धरणारा परत तोच घोडा असतो.