बसचा दांडा धरल्यावर सॅनिटायझर की साबण?

सोलापुरात सकाळच्या गर्दीत परिवहनची बस असो, नाहीतर सात रस्ता चौकाकडून भरून निघालेली रिक्षा, कुठंतरी हात टेकवावाच लागतो. दांड्यावर जंतू असतात म्हणून तो न धरता उभं राहू नका. ब्रेक लागला की पडून डोकं फुटण्याचा धोका त्या जंतूंपेक्षा मोठा आहे. शिवाय सर्दी, फ्लू किंवा जुलाबाचे जंतू धडधाकट कातडीतून आत शिरत नाहीत. त्यांची वाट डोळे, नाक आणि तोंडातून जाते. त्यामुळे दांडा सोडल्यापासून चेहऱ्याला किंवा घासाला हात लागेपर्यंत आपल्याला संधी असते. ती साधायला बहुतेकजण हाताला लागेल ते वापरतात, सॅनिटायझर किंवा साबण, दोन्ही एकच समजून. पण ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

सॅनिटायझरमधलं अल्कोहोल जंतूंची प्रथिनं बिघडवतं आणि काही विषाणूंभोवतीचं स्निग्ध आवरण फोडतं. पण हातावरचं काहीच उचलून नेत नाही. मेलेले जंतू, धूळ, घाम, तेल सगळं तिथंच राहतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडं ओढलं जातं, दुसरं तेलाकडं. त्यामुळं मळ आणि त्यात अडकलेले जंतू कातडीवरून सुटतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. वाटेत काही विषाणूंचं आवरणही फुटतं, पण साबणाचं मुख्य काम जंतू काढून टाकण्याचं.

या फरकाचे परिणाम रोजच्या व्यवहारात दिसतात. फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूंना स्निग्ध आवरण असतं, म्हणून त्यांच्यावर दोन्ही उपाय चालतात. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला तसं आवरण नसतं, त्याच्यावर अल्कोहोल कमी पडतं. जंतांची अंडीही त्याला दाद देत नाहीत. बसमध्ये कुणाला उलटी झाली असेल, किंवा घरात जुलाबाचा पेशंट असेल, तर साबण-पाणीच हवं.

दुसरी अडचण मळलेल्या हातांची. यंत्रमागावरची पाळी संपवून बसमध्ये चढलेल्याच्या हाताला तेल आणि सुताचा कचरा असतो. बिड्या वळून निघालेल्या बाईंच्या बोटांवर तंबाखूची पूड. अशा हातांवर सॅनिटायझर ओतलं की त्या थराखालच्या जंतूंपर्यंत ते नीट पोचत नाही, आणि तंबाखू तर जंतू नव्हेच, ती अल्कोहोलनं जाणारही नाही. तोच हात भाकरीला लागतो. इथं साबणाला पर्याय नाही.

सॅनिटायझर निवडताना बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण वाचा. ते किमान 60 टक्के हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत इथेनॉल प्रकारचं अल्कोहोल असेल तर 80 टक्के, आयसोप्रोपिल प्रकारचं असेल तर 75 टक्के धरलं आहे. 100 टक्के अल्कोहोल जास्त चांगलं, हा समज चुकीचा आहे: प्रथिनं बिघडायला थोडं पाणी लागतं. प्रमाणच छापलेलं नसेल तर ती बाटली घेऊ नका. एका वेळी साधारण 3 मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त घ्या. हरभऱ्याएवढ्या थेंबानं दोन्ही हात भिजत नाहीत. हात 20 ते 30 सेकंद ओले राहायला हवेत. सोलापूरच्या मे महिन्यात पारा 40 च्या वर असताना ते त्याआधीच उडून जातं. तसं झालं तर पुन्हा घ्या. घामानं चिंब हात आधी रुमालानं टिपा, नाहीतर अल्कोहोल पातळ होतं. आणि हात पूर्ण सुकेपर्यंत बिडी पेटवू नका, गॅसजवळ जाऊ नका. ते पेट घेतं. बाटली तापलेल्या डिकीतही ठेवू नये. झाकण सैल राहिलं तर अल्कोहोल उडून जातं आणि उरतं ते बहुतांशी पाणी.

दोन्ही उपायांत चुकतात त्याच जागा: अंगठे आणि बोटांची टोकं. दांडा बोटांनी आणि तळव्यानं धरतो, डोळा चोळतो बोटाच्या टोकानं. म्हणून टोकं दुसऱ्या तळव्यावर घासायची, अंगठा मुठीत धरून फिरवायचा.

साबण म्हटलं की पाण्याचा प्रश्न येतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात धो-धो नळ सोडून हात धुवा म्हणणं बरोबर नाही, आणि तशी गरजही नाही. एका तांब्यात काम होतं. थोड्या पाण्यानं हात ओले करा, तांब्या खाली ठेवा, 20 सेकंद फेस करून चोळा, मग उरलेलं पाणी धारेनं ओता. हा तांब्या मघाशी न धुतलेल्या हातानं धरलेला असतो, म्हणून शेवटची धार शक्यतो दुसऱ्यानं घालावी. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून पांढरा चोथा करतो आणि फेस येत नाही. तिथं लिक्विड हँडवॉश बरा पडतो. 'अँटीबॅक्टेरियल' लिहिलेल्या साबणासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2016 मध्ये ट्रायक्लोसान या जंतुनाशकासह 19 घटक अशा साबणांत वापरायला मनाई केली, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही. धुतल्यावर हात पुसाच. ओला हात जंतू पटकन उचलतो आणि पटकन देतोही. पण पुसायला सीटवर टेकलेला पदर नको, स्वच्छ रुमाल हवा.

तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूरच्या एसटीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणार असाल तर स्टँडच्या नळावर साबणानं हात धुऊनच बसा. कागदी साबणाच्या पट्ट्या पिशवीत ठेवायला सोयीच्या आहेत, फक्त एक पट्टी कोरड्या हातानं आधीच बाहेर काढा, नाहीतर सगळी पुडी चिकटून लगदा होतो. दांड्यावरून थेट ऑफिसात जायचं असेल, हात दिसायला स्वच्छ असतील आणि लगेच खायचं नसेल, तिथं सॅनिटायझर पुरतं. प्रवासात दांडा डाव्या हातानं धरला तर उजवा बराच मोकळा राहतो. मात्र त्याच डाव्या हातानं फोन काढलात तर जंतू फोनवर जातात, आणि नंतर हात धुतले तरी पहिल्याच कॉलला परत येतात. फोन बंद करून 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलसर केलेल्या फडक्यानं पुसा. बाटली थेट फोनवर ओतू नका.