पार्श्वभूमी : सस्तन प्राण्यांची ओळख, आधी बिबट्या की वटवाघूळ?

ऑक्टोबरचा पहिला आठवडा वन्यजीव सप्ताहाचा. ठाण्यातल्या शाळांत आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये तिसरी-चौथीच्या मुलांसाठी ‘सस्तन प्राण्यांची ओळख’ तेव्हा हमखास ठरते. आयोजकांचं एका मुद्द्यावर मात्र जमत नाही. सुरुवात ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलातल्या बिबट्यापासून करायची की वटवाघळापासून?

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या ठाणेकरांना असा कार्यक्रम लागलाच नाही. दरवेशी अस्वल घेऊन दारात यायचा, माकडवाला डमरू वाजवायचा, मैदानात सर्कशीचा तंबू पडायचा, उरलेलं राणीच्या बागेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही हे बराच काळ चाललं. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले आणि २००१ मध्ये ती न्यायालयात टिकली. झालं ते योग्यच झालं. पण प्राणी दारातून गेला आणि त्याची जागा भिंतीवरच्या तक्त्याने घेतली. त्यावर वाघ, हत्ती, गाय, कोपऱ्यात देवमासा. मुलं त्यातून ‘चार पाय आणि शेपूट’ एवढंच उचलतात, मग पालही त्यात बसते आणि देवमासा बाहेर राहतो.

जुन्या अभ्यासकांचंही काही वेगळं नव्हतं. कार्ल लिनियस या स्वीडिश अभ्यासकाच्या ज्या ग्रंथावर सजीवांचं आजचं वर्गीकरण उभं आहे, त्याच्या १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत ‘चतुष्पाद’ असाच गट होता आणि देवमासे माशांत होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत पाय मोजणं थांबलं आणि पिलाला दूध पाजणं ही खूण ठरली. त्याच आवृत्तीत वटवाघूळ थेट माणूस आणि माकडांच्या गणात बसवलं होतं, कारण त्याचे सड छातीवर, दोनच. पुढे त्याला स्वतंत्र गण मिळाला.

वटवाघळाच्या बाजूचे लोक हाच धागा पकडतात. बिबट्या दाखवला की मुलं दात आणि ठिपके बघतात. वटवाघूळ दाखवलं की पहिला प्रश्न येतो, ‘पण हा तर पक्षी ना?’ मग एकेक खूण तपासावीच लागते. अंगावर पिसं नाहीत, केस आहेत. पंख म्हणजे लांबलेल्या चार बोटांमध्ये ताणलेली कातडी. अंगठा वेगळा, नखासकट. मादीला बहुधा एकच पिल्लू होतं आणि सुरुवातीचे काही आठवडे ते आईच्या छातीला चिकटूनच असतं. त्याला दुधाचे दातही असतात आणि ते पडून नवे येतात. समोरच्या मुलांपैकी निम्म्यांचे पुढचे दात तेव्हा पडलेले असतात, त्यामुळे ही खूण समजावावी लागत नाही. जगातल्या सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी साधारण पाचवा हिस्सा वटवाघळांचा, हे सांगितलं की पालकही मान वर करतात.

शिवाय माल घरचाच. पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीलगतच्या आसुपालवाखाली सकाळी चोखून टाकलेल्या बियांचा सडा असतो, बदामाखाली उभ्या गाड्यांवर चोथा. वॉचमन शिव्या घालत झाडतो तोच पुरावा.

गाडं अडलं ते आजारांपाशी. २०१८ मध्ये केरळात निपाह आला, वटवाघळांकडून माणसांत येणारा विषाणू. २०२० मध्ये कोविड. २०२१ मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या प्रतिपिंडांची नोंद झाल्याची बातमी आली आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हलकल्लोळ माजला. कुणी झाडं छाटायची मागणी केली. अशुभ मानण्याची जुनी खोड होतीच, तिला आता वैज्ञानिक चेहरा मिळाला. काही आयोजकांनी तेव्हा वटवाघूळ यादीतून काढलं आणि बिबट्याचा मुखवटा रंगवायला दिला.

त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. लहान मुलाला ‘बघ, पण हात लावू नकोस’ सांगितलं तर ते पडलेलं पिल्लू उचलणार नाही याची हमी कोण देणार? पण हाच नियम माकडाला आणि भटक्या कुत्र्यालाही लागू आहे, आणि त्यांना कुणी तक्त्यावरून उतरवलेलं नाही. बिबट्याच्या मुखवट्यातून सस्तन प्राणी म्हणजे काय हे कळत नाही, रंगकाम होतं. खाडीपलीकडे नवी मुंबईत काहींनी कांदळवनातल्या सोनेरी कोल्ह्याला पुढे केलं. प्राणी स्थानिक, वाद नाही. पण तोही चार पायांचाच.

कायद्याचा भाग या वादात फारसा निघत नाही, तो निघायला हवा. १९७२ च्या कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळा आणि उंदरांच्या जोडीने उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. मारायला परवानगी लागत नव्हती. बागायतदारांच्या नुकसानीचं कारण त्यामागे होतं. बिया पसरवणं, फुलांचं परागीभवन यांचा हिशेब त्यात धरलेला दिसत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून नवी रचना लागू झाली. शाळांना वाटलेली जुनी माहितीपत्रकं मात्र काही ठिकाणी अजून तशीच फिरताहेत, ‘उपद्रवी’ या शिक्क्यासकट.

सध्या मधला मार्ग चालतो. सूर्यास्तानंतर गच्चीवरून किंवा तलावाच्या काठावरून दुर्बिणीने बघायचं, वसतीच्या झाडाखाली मुलांना न्यायचं नाही, खाली पडलेलं फळ किंवा प्राणी कुणी उचलायचा नाही, आणि पालकांची लेखी संमती आधी. संमती न देणाऱ्यांच्या मुलांसाठी हॉलमध्ये बिबट्याचा मुखवटा असतोच.