मॉडर्न डान्स म्हणजे कंटेम्पररी नव्हे

टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत एक मुलगी अनवाणी येते, जमिनीवर लोळते, पोटाशी हात धरून कळवळते आणि खाली पट्टी झळकते : कंटेम्पररी. डान्स क्लासच्या बोर्डवर हिपहॉप आणि बॉलिवूडच्या खाली ‘मॉडर्न/कंटेम्पररी’ असं, मध्ये तिरकी रेघ मारून, एकाच ओळीत उरकलेलं असतं. रेघेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, हे फी भरताना कुणी विचारत नाही आणि क्लासवालेही आपणहून सांगायला जात नाहीत.

मॉडर्न डान्स हे इतिहासातलं एक ठरावीक प्रकरण आहे. ढोबळमानाने विसाव्या शतकाची पहिली पन्नास-साठ वर्षं, आणि मुख्यतः अमेरिका व जर्मनी. भांडण होतं बॅलेशी : टाचा उचलून चालणाऱ्या पऱ्या, आवळलेल्या कमरा, राजपुत्र आणि राजहंस. अमेरिकन नर्तकी इझाडोरा डंकनने बूट फेकले, कॉर्सेट फेकला आणि ग्रीक शिल्पांत असतो तसा सैल झगा घालून ती शोपँच्या संगीतावर नाचली. रूथ सेंट डेनिसने १९०६ मध्ये ‘राधा’ बसवला, तोही भारतात पाऊल न टाकता आणि एका फ्रेंच ऑपेराच्या संगीतावर. आज त्या ‘राधे’चे फोटो पाहून आपल्याला हसूच येईल. पण तिने आणि तिचा नर्तक नवरा टेड शॉनने १९१५ मध्ये लॉस एंजेलिसला काढलेल्या ‘डेनिशॉन’ शाळेतूनच पुढची बंडखोर मंडळी बाहेर पडली, आणि त्यांचं पहिलं बंड याच परदेशी वेशभूषांच्या थाटमाटाविरुद्ध होतं. (१९२५-२६ च्या आशिया दौऱ्यात डेनिशॉनचा संच भारतातही नाचून गेला.)

त्या मंडळींत मार्था ग्रॅहम होती. १९२३ मध्ये डेनिशॉन सोडून तिने १९२६ मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचा पहिला कार्यक्रम केला. तिच्या पद्धतीचा क्लास जमिनीवर बसूनच सुरू होतो. श्वास सोडायचा, सोडताना ओटीपोट आत खेचलं जातं आणि कणा पाठीच्या बाजूला गोलावतो, पण खांदे पुढे कोसळू द्यायचे नाहीत. हे कॉन्ट्रॅक्शन. श्वास घेत कणा पुन्हा सरळ, हा रिलीज. वाचायला सोपं वाटतं. सतरंजीवर बसून करून पाहा : बहुतेकांचं नुसतं पोक निघतं. खरं कॉन्ट्रॅक्शन कमरेच्या खालून निघतं आणि मणक्यामणक्याने वर चढतं, मान सगळ्यात शेवटी.

याच मालमसाल्यातून तिने १९३० मध्ये ‘लॅमेंटेशन’ केला. एक बाई बाकावर बसलेली, अंगावर ताणल्या जाणाऱ्या जांभळ्या कापडाची नळी. चेहरा, हातापायांचे पंजे, एवढंच बाहेर. ती बाक सोडून कुठे जात नाही. आतून कोपर किंवा गुडघा कापडात रुतला, की त्यावर तिरके ताण पडतात, आणि पाहणाऱ्याला दिसतो तो शोक. कोण गेलं, कधी गेलं, काही सांगितलेलं नाही. चेहऱ्यावर रडण्याचा अभिनयही जवळजवळ नाही. काही मिनिटांचा नाच, पण मॉडर्न डान्सचं सगळं म्हणणं त्यात येतं : आत काहीतरी घडतं, म्हणून बाहेर हालचाल होते.

डेनिशॉनमधूनच निघालेल्या डोरिस हम्फ्रीने दुसरी वाट धरली. तोल जाऊ द्यायचा आणि पडता पडता सावरायचं. तिच्या मते नाच या दोहोंच्या मधल्या जागेत असतो. तिचा शिष्य होझे लिमोन, मूळचा मेक्सिकोचा, त्याने ही पद्धत पुढे नेली. म्हणून मॉडर्न शिकणारे आजही ‘ग्रॅहम करतो’, ‘लिमोन करतो’ असं बोलतात. ख्यालगायकीत घराणं विचारतात, तसं इथे आडनाव विचारायचं.

मग रेघ कुठे ओढायची? मी ती अमेरिकन नर्तक मर्स कनिंगहॅमपाशी ओढेन. काही जण त्याला मॉडर्नमध्येच धरतात, आणि त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. कारण तो ग्रॅहमच्याच संचात तयार झाला. तिच्या १९४४ च्या ‘ॲपलाशियन स्प्रिंग’ या नाचातला धर्मोपदेशक त्यानेच नाचला. पण बाहेर पडल्यावर त्याने मुळावरच घाव घातला. हालचालीने काही सांगितलंच पाहिजे, हा हट्ट कशाला? कोणती हालचाल आधी आणि कोणती नंतर, हे तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नाणी उडवून ठरवू लागला, आणि १९५३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. जोडीदार संगीतकार जॉन केज. नाच वेगळा बसवायचा, संगीत वेगळं रचायचं, ठरवायची ती फक्त एकूण वेळ. नर्तकांच्या कानावर संगीत अनेकदा पहिल्या प्रयोगालाच पडायचं. तालीम स्टॉपवॉचवर. समेवर मान डोलवायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे पचणं कठीणच. गंमत अशी, की हाच केज १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गीता साराभाईंकडून भारतीय संगीत समजून घेत होता, आणि १९६४ च्या जगदौऱ्यात कनिंगहॅमची कंपनी भारतातही आली होती.

एकदा ते दार उघडलं, की मग धरबंद राहिला नाही. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये काही तरुण नर्तकांनी चालणं, बसणं, सामान वाहून नेणं हाच नाच म्हणून मांडला. त्यांच्यातला स्टीव्ह पॅक्स्टन १९७२ मध्ये ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’कडे वळला : दोन शरीरं एकमेकांवर भार टाकतात आणि पुढे काय होईल ते तिथल्या तिथे ठरतं. आजच्या कंटेम्पररीत जोडीदाराच्या पाठीवरून घरंगळत जमिनीवर येणं दिसतं, त्याचं बरंचसं मूळ इथे. जर्मनीत पिना बाउशने १९७३ मध्ये वुपरटालचा संच हाती घेतला; १९७५ च्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’साठी तिने रंगमंचभर माती पसरली, आणि नाच चढत जाईल तशी ती घामाने नर्तकांच्या अंगाला चिकटत गेली. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या वाडा गावी जन्मलेल्या चंद्रलेखांनी १९८५ च्या ‘अंगिका’त भरतनाट्यम, केरळची युद्धकला कलरीपयट्टू आणि योग एकत्र आणले. या सगळ्यांना कंटेम्पररीच म्हणतात. यांचं समान तंत्र शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. समान आहे ती मोकळीक.

घोळ मात्र पाट्यांनी वाढवला. खुद्द ग्रॅहमच्या संस्थेच्या नावात ‘कंटेम्पररी डान्स’ आहे. लंडनमध्ये साठच्या दशकात ‘स्कूल ऑफ कंटेम्पररी डान्स’ उघडलं, तेव्हा तिथे शिकवली जायची ती ग्रॅहमचीच पद्धत. मुंबईहून १९६९ मध्ये निघालेले अस्ताद देबू तिथेच ती शिकले. लहानपणापासून कथक, वर ग्रॅहम, पुढे लिमोन, मग पिना बाउशकडचा काळ. त्यांचा स्वतःचा नाच यांतल्या कुठल्याच खणात बसत नाही, आणि म्हणूनच तो कंटेम्पररी.

आता पुन्हा ती टीव्हीची पट्टी. दुःखी गाणं, ‘दिल’ आला की हात छातीवर, सूर चढला की लिफ्ट, शेवटी परीक्षकांचे डोळे ओले. याचं कनिंगहॅमशी काही नातं नाही. भावना आतून येऊन शरीर हलवते, हा दावा ग्रॅहमचा. फक्त तिने चेहरा गप्प ठेवला होता, इथे शब्दाशब्दाला हावभाव आहे. म्हणजे नाव कंटेम्पररीचं, श्रद्धा मॉडर्नची, आणि सवयी हिंदी सिनेमाच्या.

क्लास लावायचाच असेल तर पहिल्या दिवशी नुसतं बघत बसा. ग्रॅहमच्या पद्धतीत सुरुवातीचा मोठा वेळ जमिनीवर, तोच क्रम, दर वेळी. कंटेम्पररीत गुरू बदलला की सुरुवातही बदलते : कुणी नुसतं चालायला लावेल, कुणी जोडीदाराच्या पाठीला पाठ टेकवून डोळे मिटायला सांगेल. आणि पहिल्याच तासाला गाणं लावून स्टेप शिकवायला घेतली, तर बोर्डवर काहीही लिहिलेलं असो, ते गॅदरिंगचं काम आहे.