मराठवाड्यातून फ्रीमेसन व्हायचं असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

महिन्याला दोन-तीन फोन हमखास येतात. कधी लातूरहून, कधी जालन्याहून, मागच्या आठवड्यात सेलूहून. पोरगा पंचविशी-तिशीतला असतो, आवाज जरा दबलेला. "सर, फ्रीमेसनचा फॉर्म कुठं मिळतो?" मी एका लॉजचा, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेचा, सेक्रेटरी आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो. फॉर्म मात्र या वाटेवरची तिसरी-चौथी पायरी आहे. त्याआधीचं कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी स्वतः अर्ज करायचं ठरवलं तेव्हा एका लॉजला पत्र पाठवलं होतं. आठ महिने उत्तर आलं नाही. नकारही आला नाही. नाद सोडूनच दिला होता, पण एक ज्येष्ठ मेसन योगायोगाने भेटले आणि गोष्टी पुढे सरकल्या. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. आमची प्रक्रिया सावकाश आहे आणि ती तशीच राहावी. तरुण त्या सावकाशपणाला कंटाळत नाहीत, विचारूनही उत्तर मिळत नाही याला कंटाळतात.

आधी हे काय आहे ते

फ्रीमेसनरी हा पुरुषांचा बंधुसंघ आहे. २४ जून १७१७ रोजी लंडनमध्ये चार लॉजेसनी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसची मध्यवर्ती संस्था, स्थापन केली. दगडी बांधकाम करणाऱ्या कारागिरांची हत्यारं इथे नीतीची खूण म्हणून वापरतात: गुण्या म्हणजे वागण्यातला सरळपणा, ओळंबा म्हणजे ताठ उभं राहणं, कंपास म्हणजे स्वतःला मर्यादेत ठेवणं. ज्याच्या घरी गवंडीकाम चालत आलंय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या भागाला हे अगदीच परकं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या हैदराबादेत गोशामहल बारादरी १८७२पासून मेसन मंडळींकडे आहे. मुंबईत तर १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज खास भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून सुरू झाली. पुढे २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचं मुख्यालय दिल्लीत आहे आणि खाली मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली अशा चार विभागीय ग्रँड लॉजेस आहेत.

'लॉज' या शब्दाने आपल्याकडे घोटाळा होतो, तोही सांगून ठेवतो. बसस्टँडसमोरच्या लॉजिंग-बोर्डिंगची पाटी सगळ्यांनी पाहिलेली असते. "रविवारी लॉजला जातोय" म्हटलं की आईच्या कपाळाला आठी पडते. घरी पहिल्या दिवसापासून 'मेसनिक सभा' म्हणा आणि काय असतं ते सांगा. सभासद असल्याचं लपवायची गरज नसते. गोपनीय असतात त्या ओळखीच्या खुणा आणि विधीचा काही भाग.

कोण अर्ज करू शकतो

ग्रँड लॉज ऑफ इंडियात वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. इंग्लंडमध्ये आता १८ वर्षांच्या मुलालाही घेतात. तिथे २००५पासून विद्यापीठांशी जोडलेल्या लॉजेसची खास योजना आहे आणि तिच्यातून विद्यार्थी सभासद होतात. आपल्याकडेही कॉलेजं असलेल्या शहरांत असं काही व्हावं, असं मला मनापासून वाटतं. तूर्तास २१ धरून चाला.

दुसरी अट श्रद्धेची. एका परमशक्तीवर विश्वास हवा. ती विठ्ठल असो, अल्लाह असो, वाहेगुरू असो, विचारणारे नाव विचारत नाहीत. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची असते आणि भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब एकाच वेदीवर ठेवलेले दिसतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून नजर हलली नव्हती. नास्तिक माणूस कितीही सज्जन असला तरी या परंपरेत त्याला प्रवेश नाही. हे पटत नसेल तर अर्ज न करणं हाच प्रामाणिकपणा.

तिसरी अट चारित्र्याची. शिक्षा झालेला गुन्हा असेल तर तो लपवू नका. चौथी अट पोटापाण्याची: वर्गणी, प्रवास आणि दानधर्म हे घरच्या गरजा भागवून झेपलं पाहिजे. ज्याच्यावर पीककर्ज थकलंय किंवा बहिणीच्या लग्नाचं ओझं आहे, त्याला मी स्वतः सांगतो की दोन वर्षं थांब, दार कुठं जात नाही.

शिक्षणाची, जातीची, हुद्द्याची अट नाही. "मोठे डॉक्टर, वकीलच लागतात का?" असं खूप जण विचारतात. तसं काही नाही. मात्र ओळखीपाळखीतून टेंडर किंवा बदली होईल या आशेने येणाऱ्याला इथे काही मिळणार नाही. दीक्षेच्या आधी तुम्हाला सगळ्यांसमोर सांगावं लागतं की मी कुणाच्या आग्रहाने किंवा आर्थिक लाभाच्या हेतूने आलेलो नाही, स्वखुशीने आलोय.

महिलांबद्दल: ग्रँड लॉज ऑफ इंडिया फक्त पुरुषांना घेते. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी 'ल द्रुआ ह्युमें' ही वेगळी संघटना १८९३ साली पॅरिसमध्ये निघाली आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यामुळे भारतात आली. तिचा अर्ज स्वतंत्र असतो आणि दोन्हीकडच्या सभासदांना एकमेकांच्या सभांना बसता येत नाही.

चौकशी कुठं करायची

महाराष्ट्र मुंबईच्या, म्हणजे पश्चिम विभागाच्या अखत्यारीत येतो. हैदराबादच्या लॉजेस दक्षिण विभागात मोडतात. देवगिरी एक्स्प्रेस पकडली तर एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला हैदराबाद. नांदेड, देगलूर, उदगीरच्या माणसाला हैदराबाद जवळ पडतं, छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या माणसाचा ओढा पश्चिमेकडे असतो. दोन्ही विभाग एकाच ग्रँड लॉजचे आहेत, त्यामुळे ज्या लॉजला नियमित जाता येईल ती निवडा. ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या अधिकृत संकेतस्थळावरून चौकशी पाठवता येते. त्यात गावाचं नाव, व्यवसाय आणि सभेला कुठवर येऊ शकाल हे स्पष्ट लिहा. इंग्लिश, स्कॉटिश आणि आयरिश परंपरेच्या काही जुन्या लॉजेस आजही भारतात चालतात, त्याही मान्यताप्राप्त आहेत.

एक इशारा. इल्युमिनाटी या कथित गुप्त संघटनेच्या नावाने 'इल्युमिनाटीत सामील व्हा, करोडपती व्हा' असे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे निरोप निव्वळ फसवणूक आहेत. परभणीकडच्या एका मुलाने अशाच कुणाला पैसे पाठवल्यावर मला फोन केला होता. आमच्यात माणसाच्या मागे लागून भरती करायची नसते, ते नियमात बसत नाही. तुम्हाला न भेटता, न बघता जो पैसे मागतो, त्याचा नंबर ब्लॉक करा आणि सायबर हेल्पलाइन १९३०वर तक्रार द्या.

सूचक, अनुमोदक आणि कागदपत्रं

सोसायटीच्या निवडणुकीत असतात तसे इथेही सूचक आणि अनुमोदक लागतात. दोघेही त्या लॉजचे सभासद हवेत, आणि ते तुम्हाला ओळखतात हे त्यांना लिहून द्यावं लागतं. "माझ्या ओळखीत एकही मेसन नाही" हीच मराठवाड्यातली खरी अडचण. त्यावर उपाय वेळ देण्याचा. लॉजच्या मंडळींना चार-सहा वेळा भेटा, त्यांच्या रक्तदान शिबिराला, कौटुंबिक कार्यक्रमाला जा, चहाला बसा. त्यांनाही तुम्ही कळता आणि तुम्हालाही ते कळतात. ही माणसं आवडली नाहीत तर अर्ज करायचं कारणच उरत नाही.

मग फॉर्म येतो. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, व्यवसाय, घरचा आणि कामाचा पत्ता भरायचा असतो. पूर्वी दुसऱ्या लॉजमध्ये अर्ज केला होता का, नाकारला गेला होता का, हेही विचारतात. ओळखपत्र, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो तयार ठेवा. नेमकी यादी आणि प्रती लॉजचा सेक्रेटरी सांगतो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव वेगळं असेल तर आधी ते जुळवून घ्या. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठं पूर्ण, कुठं आद्याक्षर असं असतं, आणि पुढे ग्रँड लॉजच्या प्रमाणपत्रावर तेच उतरतं. मी अशी दोन प्रमाणपत्रं दुरुस्तीला पाठवली आहेत.

अर्जानंतर

लॉजची एक समिती तुम्हाला भेटते. बहुतेक वेळा घरी येते आणि पत्नीशीही बोलते. ती तपासणी नसते. नवरा महिन्यातला एक दिवस देणार आहे, पैसे देणार आहे, तर घरात ते माहीत आणि मान्य असावं एवढंच बघायचं असतं. पोह्यांची बशी पुढे आली की निम्मं काम झालेलं असतं.

त्यानंतर तुमचं नाव, वय, व्यवसाय आणि पत्ता सभेच्या सूचनापत्रावर छापून सगळ्या सभासदांना जातं. या सूचनापत्राला आमच्याकडे 'समन्स' म्हणतात. पुढे सभासद झाल्यावर ते तुमच्याही घरी येईल, तेव्हा कोर्टाचं समन्स समजून कुणी घाबरू नये म्हणून घरी आधी सांगून ठेवा.

मग मतदान. लाकडी पेटी असते, आत हात जाईल एवढं तोंड. सभासद पांढरी किंवा काळी गोळी आत सोडतात. कुणी कोणती टाकली ते शेजारच्यालाही कळत नाही, फक्त लाकडावर 'टक्' असा आवाज येतो. शेवटी पेटीचा खण ओढून मास्तरांसमोर, म्हणजे लॉजच्या प्रमुखांसमोर, धरतात. किती काळ्या गोळ्यांनी अर्ज नामंजूर होतो ते लॉजच्या उपविधीत लिहिलेलं असतं आणि कारण कुणी विचारत नाही. तरुणांना हे कठोर वाटतं. मलाही वाटायचं. आता दरवेळी तो खण सगळा पांढरा दिसला की वाटतं, ज्याला या सगळ्यांनी डोळसपणे होकार दिलाय तो आता एकटा पडणार नाही.

मंजुरी मिळाल्यावर दीक्षेची तारीख ठरते. पदव्या तीन: एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन. प्रत्येकीमध्ये काही आठवड्यांचं अंतर असतं आणि दरम्यान थोडं पाठांतर करावं लागतं. तिसरी पदवी झाली की ग्रँड लॉजचं प्रमाणपत्र मिळतं. ते जपा. परगावी दुसऱ्या लॉजला भेट द्यायची तर हेच दाखवावं लागतं.

पैशांचं आधी विचारा

प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी, सभेनंतरच्या जेवणाचा वाटा, धर्मादाय पेटी, आणि कपडे: काळा सूट, पांढरे हातमोजे, एप्रन. प्रत्येक लॉजचा आकडा वेगळा असतो, म्हणून सही करण्याआधी सगळं लेखी मागा. यात संकोच नको. माझ्या पाहण्यात निम्मी तरुण मुलं दुसऱ्या वर्षीच गळाली, कारण जेवणाचा वाटा वेगळा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही आता पहिल्याच भेटीत कागदावर आकडे लिहून देतो. सूट शिवायला घाई करू नका, लग्नातला काळा सूट चालतो.

आजोबांचा एप्रन सापडला असेल तर

पेटी आवरताना आजोबांचा कातडी एप्रन, पिवळं पडलेलं प्रमाणपत्र सापडलं असे फोनही येतात. सभासदत्व वारशाने मिळत नाही, अर्ज वरच्याच वाटेने करावा लागतो. पण त्या प्रमाणपत्राचा फोटो चौकशीसोबत जरूर पाठवा. जुनी लॉज शोधायला तो उपयोगी पडतो.

आणि जे स्वतः मेसन आहेत, पण पुण्याहून किंवा मुंबईहून गावी परतल्यावर जाणं सुटलंय, त्यांची वाट सोपी आहे. जुन्या लॉजकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, प्रमाणपत्रासोबत नव्या लॉजकडे अर्ज करा. मतदान तिथेही होतं, पण दीक्षा पुन्हा घ्यावी लागत नाही. थकबाकी असेल तर आधी भरा. सेक्रेटरीला फोन करायची लाज वाटून दहा-दहा वर्षं बाहेर राहिलेले लोक मला माहीत आहेत.

लॉज चालवणाऱ्यांना

आमच्यात एक जुनं सूत्र आहे: तिघे लॉजवर राज्य करतात, पाच जण ती धरून ठेवतात, सात जण तिला पूर्णत्व देतात. जवळ लॉज नाही म्हणून खंत करणाऱ्या जिल्ह्यात सात मास्टर मेसन खरोखर जमले, तर प्रायोजक लॉजच्या शिफारशीने ग्रँड मास्टरांकडे नव्या लॉजच्या सनदेसाठी अर्ज करण्याची भाषा सुरू होऊ शकते. तोवर आहे त्या लॉजेसनी चार गोष्टी बदलाव्यात. सभा रविवारी सकाळी ठेवा, म्हणजे बीडच्या माणसाला शेवटची एसटी मिळते. प्रत्येक नव्या सभासदाला एक मार्गदर्शक नेमून द्या, जो विधीतला शब्द न् शब्द मराठीत समजावेल. तरुणाला पहिल्याच वर्षी स्ट्युअर्डचं, म्हणजे जेवणाची व्यवस्था बघण्याचं, काम द्या. तिथून इनर गार्ड, डीकन, वॉर्डन असं दरवर्षी एक पद चढत गेलं तर अठ्ठाविसाव्या वर्षी आलेला पोरगा पस्तिशीच्या सुमारास मास्तर होतो, आणि वॉर्डन म्हणून पूर्ण वर्ष काढल्याशिवाय त्या खुर्चीत बसता येत नाही, त्यामुळे घाईची भीतीही नको.

चौथी गोष्ट म्हणजे आलेल्या प्रत्येक चौकशीला पंधरा दिवसांत उत्तर. सेलूच्या मुलाला मी काल रात्री फोन केला. येत्या सभेनंतरच्या चहाला तो येतोय, येताना अनुमोदक नाही, वडिलांना घेऊन येतो म्हणाला. दोघांनाही बोलावलंय.